तिकडं दिवस कवाच बुडाला

डिसेंबरातली गोष्ट. दोन दिवसांची सुट्टी मिळाली म्हणून सोलापूरहून चौसाळ्याला आलो होतो. पाच वाजत आले होते. आजी उन्हाला पाठ करून अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तेवढ्यात दादाचा व्हिडिओ कॉल आला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. रेल्वेत ट्रॅकमॅन आहे, आसामात, दिब्रुगडला. मी फोन आजीच्या तोंडापुढं धरला.

आजी दचकली. "आरं, ह्येच्याकडं रात कशी झाली? दिवा लावलाय की."

दादा हसला. "आजे, हितं दिवस कवाच बुडाला."

"मग वाजले किती तुझ्याकडं?"

"पाच."

"अन् हितं?"

"हितं बी पाचच," मी म्हणालो.

आजीनं हातातल्या शेंगा सुपात टाकल्या. वर बघितलं. दिवस अजून कासराभर वर होता. "मग एक तर हा लबाड बोलतोय, न्हाईतर तुमचं घड्याळ लबाड हाय," म्हणाली आणि फोन माझ्याकडं ढकलला.

दोस्तांनो, माझी आजी शाळेची पायरी चढली नाही. पण बोट तिनं बरोबर जागी ठेवलं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हे घड्याळ टिकटिक करतंय. म्हणून लिहायला बसलो.

मी नववी नापास. भूगोल मला शाळेत कळला नाही, गिरणीत कळला. सोलापूरच्या बाजूला एका सूतगिरणीत रिंग फ्रेमवर सायडर आहे. चात्यांच्या रांगेतून आठ तास चालायचं, तुटलेला धागा सांधायचा, पुन्हा चालायचं. सुट्टीहून परत गेल्यावर रद्दीच्या दुकानातून शाळेचा एक जुना नकाशासंग्रह वीस रुपयांना आणला. कोन भरायच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर हिशोब मांडला.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. चौसाळा ७५ आणि ७६ अंशांच्या मधी. दिब्रुगड ९५ ला टेकलेलं. मधी १९ अंशांवर थोडं. सूर्य दिब्रुगडवरून निघाला की चौसाळ्यावर यायला त्याला सव्वा तास लागतो. पण घड्याळ दोन्हीकडं एकच. आपल्या देशाचं घड्याळ साडेब्याऐंशी अंशाच्या रेषेवर लावलेलं आहे. ती रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. तिथं सरासरीनं सूर्य डोक्यावर आला की सगळ्या देशानं बारा वाजले म्हणायचं. त्यावेळी चौसाळ्याच्या उन्हाचे बारा वाजायला २७ मिनिटं कमी असतात. दिब्रुगडच्या उन्हाचे बारा वाजून ५० मिनिटं झालेली असतात.

त्यात दिब्रुगड उत्तरेला लांब. म्हणून हिवाळ्यात तिथला दिवस आपल्यापेक्षा आखूड आणि उन्हाळ्यात मोठा. डिसेंबरच्या शेवटाला तिथं सहाच्या आधी उजाडतं आणि चार-वीसला दिवस बुडतो. चौसाळ्यात त्याच दिवशी सातला पाच मिनिटं कमी असताना सूर्य वर येतो आणि सहाला पाच कमी असताना जातो. जूनमध्ये दिब्रुगडला सव्वाचारलाच ऊन पडतं. आमच्याकडं तेव्हा आजीसुद्धा उठलेली नसते, आणि आजी कोंबड्याच्या आधी उठते.

दादा सांगतो, "उन्हाळ्यात ऑफिसं दहाला उघडतात. तवर दिवस सहा तासाचा म्हातारा झालेला असतो. अन् हिवाळ्यात पोरं शाळेतनं घरी येऊन हातपाय धुतात की अंधार. माणसं बत्त्या लावून काम करतात. उजेड झोपेत घालवायचा अन् अंधार विकत घ्यायचा."

आसामातली माणसं हे बरीच वर्षं बोलत आली आहेत. सिनेमावाले जाहनू बरुआ यांनी वेगळ्या टाइमासाठी नेट लावला. २०१४ साली तेव्हाचे मुख्यमंत्री तरुण गोगोई यांनीही तीच भाषा केली. २०१७ साली गुवाहाटी हायकोर्टानं वेगळ्या टाइमाची याचिका फेटाळली. २०१८ साली दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी लिहिलं की देशात दोन टाइम करणं जमण्यासारखं आहे, बंगाल-आसामच्या हद्दीवर रेघ मारता येईल. रेघ काही मारली नाही.

मी दादाला म्हणालो, म्हणजे तुमच्यावर दिल्लीचं घड्याळ लादलंय. दादा म्हणाला, "थांब. हितं आणखी एक घड्याळ हाय."

त्यानं सांगितलं ते असं. दिब्रुगडच्या भोवती चहाचे मळे. त्यांना तिकडं बागान म्हणतात. मळ्याचं घड्याळ रेल्वेच्या घड्याळापेक्षा एक तास पुढं. स्टेशनात सात वाजतात तेव्हा मळ्यात आठ. त्याला बागान टाइम म्हणतात. इंग्रज मळेवाल्यांनी तो सुरू केला, उजेडाचा एक तासही वाया जाऊ नये म्हणून. इंग्रज जाऊन पाऊणशेच्या वर वर्षं झाली, कित्येक मळ्यांत तो टाइम चालूच आहे. १९५१ च्या मळे-मजूर कायद्यानं एखाद्या भागापुरता वेगळा वेळ ठरवायची मुभा सरकारला ठेवली होती. म्हणजे हायकोर्टात जाऊन माणसांना जे मिळालं नाही, ते चहाच्या पानाला आधीपासूनच मिळालेलं होतं.

दादा ज्या गँगमध्ये आहे तिथले काही सोबती मळ्यातल्या लाइनीत राहतात. लाइन म्हणजे मजुरांच्या खोल्यांची रांग. त्यांच्या घरात बायको मळ्याच्या टाइमानं उठते आणि नवरा रेल्वेच्या टाइमानं. एकमेकांना वेळ सांगताना आधी विचारावं लागतं, कुठला टाइम?

"पर एक सांगतो," दादा म्हणाला. "बागान टाइमामुळं बाया उजेडात घरी पोचतात. ते वाईट न्हाई."

मीही ते वाईट म्हणत नाही. पण त्या बाया कोण? संथाळ, मुंडा, उरांव. त्यांच्या पणज्यांना छोटानागपूरकडून, ओडिशाकडून फसवून, करार करून आणलं. १९२१ च्या मे महिन्यात चारगोळा खोऱ्यातले हजारो मजूर मळे सोडून आपल्या मुलखाकडं चालत निघाले, तर चांदपूरच्या स्टेशनावर गुरखा शिपायांकडून त्यांना झोडपून काढलं. त्यांची मजुरी ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात २०२३ साली कुठं दिवसाला २५० रुपये झाली. पान किती तोडायचं ते वजन ठरलेलं. उन्हाशी जुळणारं घड्याळ त्यांना मिळालं खरं, पण ते त्यांच्यासाठी लावलेलं नव्हतं. पानासाठी लावलेलं होतं. बाया उजेडात घरी पोचतात हा पानाचा त्यांच्यावर झालेला उपकार.

आता ह्याच्या उलटी गोष्ट सांगतो. ती मुंबईची आहे आणि आपल्या गिरणीवाल्यांची आहे.

पूर्वी मुंबईचं घड्याळ मुंबईच्या सूर्यावर चालायचं. कलकत्त्याचं कलकत्त्याच्या. रेल्वे मद्रासच्या टाइमानं धावायची. १ जानेवारी १९०६ पासून इंग्रज सरकारनं सगळ्या देशाला एक टाइम लावला, आजचाच. त्यानं मुंबईचं घड्याळ ३९ मिनिटं पुढं गेलं. साहेबाला वाटलं, काटा फिरवला की झालं. पण गिरणीत सकाळी वेळेवर हजर व्हायचं म्हणजे आता उन्हाच्या हिशोबानं ३९ मिनिटं आधी उठायचं. चाळीत एका खोलीत वीस वीस माणसं, एका नळावर शंभर घागरी, आणि त्यात ३९ मिनिटं अंधारातनं कापून द्यायची. त्या जानेवारीत हजारो गिरणी कामगारांनी काम बंद केलं, गिरण्यांवर दगड मारले. जेकब ससून मिलचं नाव त्यात येतं. शहरातल्या शिकलेल्या लोकांनीही सभा घेतल्या, अर्ज केले. मुंबईत जुना टाइम आणि नवा टाइम असे दोन्ही पुढं १९५५ पर्यंत चालत राहिले.

आता ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. मुंबईत कामगार म्हणत होता, आमचं घड्याळ उन्हाबरोबर राहू द्या. त्याला म्हणाले, नाही, देशाचा टाइम एकच. आसामात मळेवाला म्हणाला, आमचं घड्याळ उन्हाबरोबर पाहिजे. त्याला म्हणाले, खुशाल लावा. सूर्य दोन्हीकडं तोच. मागणीही जवळजवळ तीच. फरक मागणाऱ्याचा. महायुद्धात तर १९४२ ते १९४५ सगळ्या देशाचंच घड्याळ एक तास पुढं ढकललं होतं. लढाईला गरज होती, काटा फिरला. म्हणजे काटा फिरतो. तो देवानं ठोकलेला खिळा नाही. सवाल एवढाच की किल्ली कुणाच्या खिशात आहे.

ही किल्ली आपल्या माणसांनी मागितली नाही असं नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज दिला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास, सकाळी साडेसहापासून दिवस बुडेपर्यंतच काम. विचार करा, दिवस बुडेपर्यंतच काम ही त्या काळी मोठी मागणी होती! सहा वर्षं झगडल्यावर १८९० ला रविवार मिळाला. आज जो रविवार सगळे भोगतात, साहेबापासून शिपायापर्यंत, तो एका सत्यशोधकानं भांडून आणलेला आहे. कॅलेंडरवर त्या रविवाराखाली त्याचं नाव छापलेलं मी अजून पाहिलं नाही.

आणि बाबासाहेब. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री असताना १९४६ साली त्यांनी कारखाना कायद्याच्या दुरुस्तीचं बिल मांडलं. आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. आमच्या गिरणीत बाबासाहेबांचा फोटो फक्त आपल्या पोरांच्या मोबाइलवर असतो. पण तीन वाजता पहिली पाळी सुटते आणि जोशी, पाटील, शेख, वाघमारे सगळेच गेटाबाहेर पडतात, ते त्याच हिशोबानं. उजेड असताना घरी जातात.

गिरणीनं आपल्याला सगळं बरोबरीनं दिलं असंही नाही. मुंबईच्या जुन्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसाला घ्यायचे नाहीत. धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा, आपली थुंकी लागली की बाकीचे बाटायचे. साच्यावर पगार जास्त. म्हणून आपण सूतखात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढं आणला. म्हणजे तास सारखे, पण तासाची किंमत वेगळी. मी आज सूतखात्यातच आहे. आता कुणी अडवलेलं नाही, पण बापजाद्यांची पायवाट तिकडूनच आली.

आता चौसाळ्याकडं येतो. मुंबई-दिब्रुगडचा हिशोब पुठ्ठ्यावर मांडता येतो. गावचा हिशोब अंगावर मांडलेला असतो.

आमचं गाव धुळे-सोलापूर हायवेवर. बीडकडनं मांजरसुंब्याचा घाट चढून पुढं आलं की चौसाळा. एसटी स्टँडवर, बँकेत, शाळेत, सगळीकडं मिर्झापूरचा टाइम. पण माझा आज्जा वेळ सांगायचा ती दुसऱ्याच भाषेत. झुंजुमुंजु झालं. दिवस कासराभर वर आला. न्याहारीचा वखत. गुरं फिरली. कडुसं पडलं. निजानीज झाली. ऐकायला गोड वाटतं. शहरातले लेखक ह्या शब्दांवर जीव टाकतात. पण हे सगळे वखत ज्याच्याकडं गुरं होती, न्याहारी होती, त्याचे. आज्ज्याचा बाप गावचा येसकर होता. त्याला झुंजुमुंजु नव्हतं आणि निजानीज नव्हती. निजामाचा अंमल होता. सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं, मग तो दुपारी येवो की मध्यान्‌राती. गावात कुणी मेलं की सांगावा घेऊन सात गावं पालथी घालायची. रात्रभर वेशीत जागायचं. सकाळी घरोघर भाकरीला उभं राहायचं, ती कवा मिळंल ते देणारीच्या मर्जीवर. आज्जा म्हणायचा, "माझ्या बाला कुनी कवा इचारलंच न्हाई, की किती वाजले. त्याला नुसतं म्हनायचे, चल."

चल. हा आमचा पहिला टाइम झोन.

दुसरा टाइम झोन मुकादमाचा. दसरा झाला की गावात ट्रॅक्टर-ट्रक लागतात. उचल आधीच घेतलेली असते. जोडप्याला कोयता म्हणतात. माणूस कोयता, बाई कोयता, दोघं मिळून एक कोयता. पाडव्याच्या आसपास परत येतात. तोवर गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. म्हणून तर डिसेंबरात फोनवर आजीच होती. माझे आई-बा आणि दादाचे आई-बा तेव्हा फडावर होते. फडावर पहाटे तीन-चारला उठायचं. थंडीत दव पडलेला ऊस अंगाला कापतो. दुपारपर्यंत तोडायचा, मोळ्या बांधायच्या. गाडी आली की भरायची. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला डोक्यावर मोळी घेऊन फळीवरनं चढायचं. तिथं घड्याळ नाही, गाडी हेच घड्याळ. तो आज्ज्याच्या बापाचाच शब्द. चल.

आणि एक दिवस पडला तर खाडा. खाड्याचे पैसे कापतात. आता बाईला तर महिन्याला चार दिवस येतात. ते दिवस निसर्गाचे. मुकादमाच्या कॅलेंडरात ते नाहीत. म्हणून काय झालं? २०१९ साली सरकारच्या समितीनं आमच्या बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. माझी चुलती त्यातलीच. पस्तिसाव्या वर्षी. कुणी म्हणालं आजार हाय, काढून टाका, पुन्हा कटकट नाही, खाडा नाही. तिनं उसनवारी करून काढली.

दोस्तांनो, काटा फिरवणं म्हणजे काय ते मला तिथं समजलं. मुंबईत ३९ मिनिटं पुढं केली तर माणसांनी दगड उचलले. माझ्या चुलतीच्या अंगातलं घड्याळच काढून घेतलं. तिनं दगड उचलला नाही. ती दुसऱ्या महिन्यात पुन्हा फडावर गेली. दादा त्या साली अभ्यासिकेत बसून रेल्वेच्या परीक्षेचे फॉर्म भरत होता. कुठंही लागू दे, पण फडावर जाणार नाही म्हणायचा. लागला तो थेट दिब्रुगडला. तिथून तो आईला रोज फोन करतो. त्याच्याकडं अंधार पडलेला असतो, तिच्याकडं उन्हात अजून दोन गुंठे तोडायचे असतात.

आता माझं सांगतो, आणि हे सांगण्यासाठीच एवढं लांबण लावलं.

आमच्या गिरणीत आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या आहेत. हजेरीला अंगठ्याचं मशीन. माझा आज्जा कागदावर अंगठा उठवायचा, लिहिता येत नाही म्हणून. मी सही शिकलो. आता मशीन म्हणतं सही नको, अंगठा दे. धागा सांधून सांधून माझ्या अंगठ्याची रेघ झिजलेली. तीन-तीनदा लावावा लागतो. तेवढ्यात पाच मिनिटं गेली की उशिराचा शेरा.

२०२५ च्या सप्टेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातले दिवसाचे तास ९ वरून १२ पर्यंत नेता यावेत ह्या बदलाला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तसेच, त्यावरच्या कामाला दुप्पट पैसे, आणि जादा कामाला कामगाराची लेखी संमती पाहिजे, असं सांगितलं. जानेवारीत आमच्या खात्यात कागद फिरायला लागला. तीन पाळ्यांच्या जागी बारा-बारा तासांच्या दोन. 'मी राजीखुशीने संमती देत आहे.' खाली नाव, सही.

मला रागच आला. मी मधल्या सुट्टीत बोललो, लोखंडे सांगितले, बाबासाहेब सांगितले, १९०६ सांगितलं. एक सोबती, माझ्याच समाजाचा, माझ्याच खोलीवरचा, शांतपणे ऐकत होता. सगळे गेल्यावर म्हणाला, "तुझं समदं खरं. पर माझ्या बहिणीचं लगीन हाय मे महिन्यात. जादा तासाचे डबल पैसे मिळत असतील तर मी का सोडू? तू देतो का?"

मला उत्तर आलं नाही. अजूनही पुरतं आलेलं नाही. त्याला मी गद्दार म्हणू शकत नाही. माझ्या बानं उचल घेतली ती काय हौसेनं? ज्याच्या घरात पैसा नाही त्याची राजीखुशी म्हणजे काय असते ते आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. माझ्या चुलतीनंही राजीखुशीनंच अंगठा दिला होता, दवाखान्यातल्या कागदावर.

त्या रात्री तिसऱ्या पाळीत दादाचा फोन आला. गिरणीत फोन बाहेर काढायला मनाई, पण तो लागोपाठ दोनदा आला म्हणून संडासात जाऊन उचलला. सहाला दहा मिनिटं कमी होती. दादा म्हणाला, "उजाडलंय हितं. नाइट पेट्रोल करून आलो. धुकं होतं, सोळा किलोमीटर चाललो. तुझ्याकडं?"

"अंधार हाय. सुटायला तास हाय अजून."

मी त्याला कागदाचं सांगितलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "आमच्याकडं दोन टाइम झाले, चार झाले, मला काय? गाडी रातचीच येणार, रूळ थंडीत रातचाच तडकणार. मला टाइम कंचा बी लावा. मला फक्त एवढं पाहिजे की किती चाललो ते मी मोजीन, अन् बास म्हणायचा हक्क माझा असंल."

बास म्हणायचा हक्क. मला वाटतं चल ह्या शब्दाला उत्तर हेच आहे. आज्ज्याच्या बापाला ते म्हणता आलं नाही. चुलतीला नाही. १८८४ ला साडेपाच हजार जणांनी ते एकत्र म्हटलं तेव्हा सहा वर्षांनी ऐकू गेलं. एकट्याचा बास कुणी ऐकत नाही, तो नोकरीवरनं जातो.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी सोबत्याला म्हणालो, तुझी सही मी अडवत नाही. पण सही एकेकट्यानं केबिनमध्ये जाऊन करू नको. सगळे मिळून आधी चार ओळी लिहून मागू. जादा तासाचे डबल पैसे पगाराच्या चिठ्ठीवर वेगळे दाखवा. ज्याला नको त्याला आठ तासांची पाळी ठेवा. दिलेली संमती महिन्याची नोटीस देऊन मागं घेता आली पाहिजे. बारा तासात दोन सुट्ट्या. तो म्हणाला, हे चालंल. ही काही क्रांती नाही. पण अकरा जणांनी त्या कागदाखाली नावं लिहिलीत. त्यात एक पाटील आहे, दोन पद्मशाली आहेत. आमच्या खात्यात पहिल्यांदा एका कागदावर ही नावं एकाखाली एक आली. संमतीचा कागद माझ्या ट्रंकेत कोराच पडलाय. पुढं काय होईल ते पुढच्या अंकात लिहीन, नोकरी राहिली तरी आणि गेली तरी.

आता तुम्हाला एक कडू गोष्ट सांगतो, राग मानू नका. आपल्या बैठका. पत्रकावर सहा लिहायचे आणि सुरू करायची साडेआठला. हार यायचा असतो, पाहुणा यायचा असतो, माइक यायचा असतो. दुसऱ्या पाळीवाला तर येऊच शकत नाही. तिसऱ्या पाळीवाला साडेआठपर्यंत वाट बघतो, भाषण सुरू झालं की उठून डबा भरायला जातो. बाया सहाला पोरं काखेत घेऊन येतात, साडेआठला चुलीकडं जातात. मग शेवटी कोण उरतं? ज्याला उद्या सकाळी अंगठा लावायचा नाही तो. आणि मग आपण म्हणतो, कामगार चळवळीत येत नाही, बाया येत नाहीत. अरे, आपण त्यांच्या तासाला मुकादमासारखंच वापरतो. त्यांना कुणी विचारलं का, तुमच्याकडं किती वाजलेत?

आजीनं तेच विचारलं होतं. वाजले किती तुझ्याकडं? हा प्रश्न विचारल्याशिवाय कुठल्याच माणसाला कुठं बोलवू नये.

म्हणून मी ठरवलं आहे. सोलापुरातल्या आपल्या पोरांची पुढची बैठक रविवारी सकाळी साडेसातला, पहिल्या दिवशी आमच्या गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर. सात वाजता तिसरी पाळी सुटते. सुटलेला माणूस अर्ध्या तासात चहा पिऊन बसेल, आणि नऊला उठून झोपायला जाईल. बायांची बैठक वेगळी, त्यांनी सांगितलेल्या वेळेला. हार नाही. माइक नाही. साडेसात म्हणजे साडेसात.

दादा म्हणालाय, तो फोनवर येणार. त्याच्याकडं तेव्हा दिवस चांगलाच वर आलेला असेल.

जय भीम.